भुलतळ

आमची बैठक अष्टमीला असते.
देवाधर्माचं काही नाही त्यात.
अष्टमीला भांग असतो, पाण्याला ओढ नसते,
डोलजाळी वाळत पडतात रेवदंड्याच्या बंदरावर
आणि पोशा नाखवा मोकळा असतो.
त्याच्याशिवाय पाण्यातले शब्द आम्ही पास करत नाही.

बर्फाच्या फॅक्टरीवरची खोली. भाडं नाही,
मालकाच्या कॉम्प्रेसरची पुस्तिका मी फुकट मराठीत केली होती.
खाली लाद्या फुटत राहतात,
वर चहा लवकर निवतो.

यासीन उलडे औषधांची पत्रकं करतो.
इनास रोशा कोर्लईहून पूल ओलांडून येते,
शाळेत भौतिकशास्त्र, घरी पूर्वजांची फिरंगी बोली.
"विजेच्या झटक्याला आमच्यात शब्द नाही," ती म्हणते,
"आम्ही नुसते ओरडतो."
एझ्रा केहिमकर फोनवर, अश्दोदहून.
चाळीस वर्षं झाली त्याला जाऊन. ठिबक सिंचन मराठीत आणतो
आणि दर वेळी आधी विचारतो, सुरमई काय भावाने गेली.

मधे लाल पुठ्ठ्याची खातेवही.
जमा म्हणजे सापडलेले शब्द, नावे म्हणजे अडलेले.
नावेची बाजू कायम जड.
मागच्या पानांवर दर: कोण शब्दाला किती देतं,
कोण तीन महिने देतच नाही.
ज्याच्याकडे काम जास्त, तो दोन पानं पुढे सरकवतो,
ज्याच्याकडे नाही, तो खाली बघत घेतो.
यावर कुणी बोलत नाही.

माघातली गोष्ट. लहान मुलांना वाफ द्यायच्या यंत्राचं
माझं पत्रक सकाळी छापायला जाणार होतं.
रात्री साडेअकराला दारात स्कूटर.
इनास. कानाला स्कार्फ, हातात माझी पानं.
"चौदावं बघ," ती म्हणाली, पाणीसुद्धा न मागता.

चौदाव्याच्या तळाशी लिहिलं होतं:
*मूल झोपलेले असताना यंत्र चालू ठेवू*
आणि पंधरावं नव्या मथळ्याने सुरू.

'नये' गेलं होतं,
चौकटी जुळवताना, माझ्याच बोटांखालून.
दोन अक्षरं.
इंग्रजीत नकार आधी येतो, दारातच अडवतो.
आपल्यात तो शेवटी येतो,
सगळं मान्य करून झाल्यावर.

काल नावेच्या बाजूला नवा शब्द चढला.
मासे शोधायच्या यंत्राची पुस्तिका. त्यात म्हटलंय,
कधी पडद्यावर तळ दिसतो आणि तो तळ नसतो.
बारीक जीव, नखाएवढेही नाहीत,
इतक्या दाटीने तरंगतात
की यंत्राचा आवाज त्यांच्यावर आपटूनच मागे फिरतो
आणि यंत्र लिहून मोकळं होतं: इथे जमीन आहे.
रात्री हा तळ वर येतो. पहाटे खाली जातो.

मी 'मिथ्या तळ' लिहिलं होतं. एझ्रा म्हणाला, 'आभासी'.
यासीनला दोन्ही परीक्षेतले वाटले.
नाखवा विडी न पेटवता बसला होता.
"तल कशाला खोटा? मशीन भुललाय."
इनासने लिहून टाकलं: भुलतळ.
आम्ही तिघे तो शब्द जरा वेळ नुसता म्हणत राहिलो.

आज कंपनीचं उत्तर आलं. 'मिथ्या तळ'च ठेवा,
तो मान्यताप्राप्त आहे.
ठेवला. बिल पाठवलं.
नाखव्याला सांगितलं तर म्हणाला,
"वाचनार कोन? आमी, का कंपनी?"

वहीत मात्र तो जमेला आहे, तारखेसह,
पुढे पोशाचं नाव, आणि त्यावर
कुणाच्या तरी बोटाचं चिकटलेलं एक खवलं.

रात्री दोनला शब्द अडतो तेव्हा मी फोन उघडते.
कोर्लईला एक हिरवा ठिपका. मुरुडला एक.
अश्दोदला एक, तिथे अजून साडेदहाच वाजलेत.
कुणी लांबून आवाज टाकून पाहिला
तर त्याला वाटेलही, इथे जमीन आहे.

पुढची अष्टमी बुधवारी.
एझ्राला सांगायचंय: सुरमई महागली.