काचपट्टी

बँकेचा इंजिनिअर आला तेव्हा मी मेथी निवडत होते.
तांदळे नाव. वय असेल सत्तावीस.
बूट दाराशी काढले, मोजे नाही,
आणि भिंतींवर टिचक्या मारत फिरला
टरबूज घेताना मारतात तशा.
सोबत घर घेणारे गुट्टे नवराबायको,
आणि निजामभाई, एजंट, दोन टक्क्यांचे,
ज्यांना जगातली कुठलीही गोष्ट मामुलीच वाटते.

त्याचं यंत्र भिंतीला लावलं की चिवचिवायचं.
न्हाणीमागं चिवचिवलं. देवघराखाली चिवचिवलं.
"ओल," तांदळे म्हणाला, आणि लिहिलं.
ओल! या लातुरात!
ज्या गावाला रेल्वेनं पाणी आणावं लागलं,
ज्या आमच्या बोरनं सहाशे वीस फुटांवर
नुसती धूळ फुंकली तोंडावर,
तिथं माझ्या भिंतीनं एवढी वर्षं
कुठून चोरून साठवलं पाणी?
सांगितलं असतं बयेनं, तर हंडे तरी लावले असते.

मग मागची खोली.
"मंजूर नकाशात ही नाही, मावशी.
हिची किंमत शून्य धरावी लागंल."
धरा.
नव्व्याण्णव साली बांधली, निम्मे पत्रे उसने.
अकरा पोरं राहून गेली, बारावीची,
कुणी उदगीरचं, कुणी अहमदपूरचं,
त्यातलं एक आता नांदेडला लोकांना भूल देतं.
भिंतीवर त्याचं पेन्सिलीचं बेंझिन अजून आहे
आणि बेंझिनच्या खाली, माझ्या अक्षरात,
यांच्या गोळ्यांच्या वेळा. शेवटचे पाच महिने
खाट इथंच होती.
नकाशात नसलेल्या खोलीत माणूस गेला
तर तो कुठं गेला म्हणायचं,
असं विचारणार होते.
पण मेथी तशीच पडली होती सुपात.

बैठकीतली भेग त्यानं शेवटी बघितली.
नऊ फूट. छतापासून स्विचबोर्डापर्यंत.
किल्लारीच्या पहाटेची.

हे कॉलेजात प्रयोगशाळा सहायक.
चार दिवसांनी खिशातून एक काचपट्टी काढली,
सूक्ष्मदर्शकाची, जिच्यावर अकरावीतल्या कुणी
कांद्याची साल बघितली असंल,
आणि प्लास्टर लावून भेगेवर आडवी चिकटवली.
खाली लाल शाईनं ४/१०/९३.
"भिंत हलली तर आधी ही फुटंल.
ही आहे तोवर झोप."

सगळी गल्ली होळीपर्यंत बाहेर झोपली.
आम्ही दसऱ्यालाच आत.
रोज रात्री गॅस, कडी, काच,
या क्रमानं बघायचं आणि दिवा घालवायचा.
दर दिवाळीला रंगारी तिला वगळून रंगवायचा,
काचेमागं अजून तेव्हाचा पिस्ता रंग आहे.

तांदळेनं नख लावलं.
काच त्याच्या हातात आली.

एकाच टोकाला धरलेली होती ती.
दुसरं कधी सुटलं, की लागलंच नव्हतं,
कुणी सांगावं.
"अशी ही फुटलीच नसती," तो म्हणाला, जरा ओशाळून,
"भिंत पडली असती तरी."
निजामभाईंनासुद्धा मामुली म्हणणं सुचलं नाही.

यांना माहीत होतं का?
रंगाऱ्यावर केवढे ओरडायचे,
हात लावू नको म्हणून तिला.
ते ओरडणं तेव्हा मी वेगळं ऐकलं.

गुट्टेंनी दोन लाख कमी मागितले. पावणेदोनवर तुटलं.
जाताना गुट्टेबाई मागं वळून म्हणाल्या,
"काकू, एवढी वर्षं कसं राहिलाव हो हितं?"
मी म्हटलं, झोप चांगली लागायची.

अहवाल आठ पानी आला.
भेग आहे, ओल आहे, शून्य आहे. काच नाही.

त्या रात्री गॅस बंद केला. कडी बघितली.
भिंतीवर पिस्ता रंगाचा दोन बोटं तुकडा.
खाट ओढत अंगणात नेली, एकटीनं,
एकतीस वर्षांनी.
डास फार होते.