गुरुवारची माशी

वार्ड्योत नोव्हेंबर सरता सरता सूर्य जातो
तो जानेवारी अर्धा झाल्यावर परततो.
तोवर बेटावर किडा नाही, मुंगी नाही,
झाडं तर तशीही बोटांवर मोजण्याइतकी.

म्हणून दर गुरुवारी चार वाजता,
म्हणजे मिट्ट काळोखात,
मी लायब्ररीतून तबकडी घेऊन तुर्बयर्गकडे जातो
आणि तिच्या भिंतभर टीव्हीवर
तीन म्हाताऱ्या किडे बघतात.

तिघींनी मिळून शंभरावर वर्षं मासे कापलेत
कारखान्यातल्या एकाच सरकत्या पट्ट्यापाशी.
गुडघे गेले, मनगटं गेली,
जीभ तेवढी शाबूत.

शेणकिडा गोळा ढकलत येतो, पाठमोरा, पाय वर.
"हा माझा पहिला नवरा," आसलाउग म्हणते,
"चालायचा उलटा,
आणि वाटायचं काय, तर जग आपणच पुढे नेतोय."

मग झाडावरच्या तांबड्या मुंग्या.
पान पानाला शिवतात,
तोंडात धरलेलं पिल्लू सुईसारखं इकडून तिकडे.
पूमणी पुढे सरकते.
"या आमच्या जाफन्याच्या घरी, आंब्यावर.
चावल्या की नुसती आग.
पण टाका असा, की माझ्या आईनं मशीन विकावं."
"आणि त्या पिल्लाला विचारलं का कुणी?"
तुर्बयर्ग म्हणते, आणि कॉफी ओतते.

मुंगीच्या पावलांचा आवाज येतो. चर्र, चर्र.
आसलाउगच्या कानातलं यंत्र शिट्टी घालतं.
तुर्बयर्गचा विश्वास नाही:
"कुणीतरी बंद खोलीत बसून
बटाट्याच्या पिठावर बोटं चालवतंय झालं."

या गुरुवारी माश्यांचा भाग होता.
निवेदक सांगत होता, माशी पायांनी चव घेते.
तेवढ्यात खिडकीच्या दोन काचांमध्ये
सप्टेंबरपासून निजलेली एक
हीटरच्या उबेनं जागी झाली,
दिव्याला दोन फेऱ्या मारून
थेट पडद्यावर बसली.
मागे वासराएवढी माशी,
पुढे ही, बेदाण्याएवढी.

पूमणीनं बटण दाबलं. चित्र थांबलं.
"टीव्हीची चव बघतेय," तुर्बयर्ग म्हणाली.

पण आसलाउगनं वर्तमानपत्राची घडी घातली होती.

तिचं माहेर सुक्या कॉडवर जगलेलं.
लाकडी मांडवांवर मासे टांगायचे, वारा लागू द्यायचा.
एखादा एप्रिल लवकर तापला
की माशी यायची, कल्ल्याखाली अंडी घालायची,
आणि वर्षाची कमाई वळवळायला लागायची.
कुठे माशी शिंकली, हे तेव्हा विचारावं लागत नसे.
माश्या मारत बसणं म्हणजे रिकामपण, असं म्हणतात;
सात वर्षांच्या आसलाउगला त्याचे पैसे मिळायचे,
शंभर माश्यांना दहा ओरे,
बाप मोजून घ्यायचा.

माशीनं पुढचे पाय एकमेकांवर चोळले,
एखाद्या सावकाश माणसानं
जेवायला बसण्याआधी चोळावेत तसे.
आम्ही तिघं आसलाउगकडे बघत होतो.
मला वाटलं, आता घडी खाली ठेवील.

फट्.

अजून नेम चुकत नाही तिचा.

कुणी बोललं नाही. कपाला चमचा लागला कुणाचा तरी.
पूमणीचा अंगठा बटणावर, पण दाबेना.
मग आसलाउगनं शब्दकोड्यासाठीचं भिंग मागितलं,
माशी कागदाच्या कडेनं उचलून बशीत घेतली
आणि दिव्याखाली वाकली.
बराच वेळ. यंत्र पुन्हा शिट्टी घालू लागलं, तरी वाकलेलीच.

"विटकरी आहेत गं डोळे," ती म्हणाली.
"मी जन्मभर काळे समजत होते."

बशी पूमणीकडे गेली, मग तुर्बयर्गकडे,
मग माझ्याकडे.
खरंच विटकरी होते.
पडद्यावरची मोठी माशी
एक पाय उचलून तशीच थांबली होती.