चौथीचा पेपर, प्रश्न तिसरा

'जंगलाचे पाच फायदे लिहा.'
प्रश्न मीच काढला होता,
उत्तरही मीच फळ्यावर लिहून दिलं होतं:
पाऊस, प्राणवायू, लाकूड, औषधं, सावली.
अकरा पोरांनी अकरा वेळा तेच उतरवलं.
बाराव्या पेपरात सुकरी तुलावीची
एकच ओळ, तिरकी, समासात घुसलेली:
"गुर्जी, फायदा कोनाचा थे लिवलं नाई."

मी दर्यापूरकडचा, खारपाणपट्ट्यातला.
आमच्याकडं झाड म्हणजे धुऱ्यावरची बाभूळ
आणि एसटी थांब्याचा एक कडुनिंब,
त्यालाही पाटी ठोकलेली.
इकडं कोरचीच्या पलीकडं बदली झाली
तेव्हा वर्गाची मागली खिडकी मी बंद करून घेतली.
पाचोळा आत यायचा,
वानरं खडू पळवायची,
आणि गुणाकार चालू असताना
पोरं बाहेर कशाला तरी मान हलवायची.

त्या ओळीनंतर आठ दिवस मी पेपर बाजूला ठेवला.
मग एका शनिवारी सुकरीच्या आत्याला म्हटलं,
रैजीबाई, आज तुम्ही घ्या वर्ग.
"मले त सही बी येत नाई जी," ती म्हणाली
आणि चालायला लागली.

पहाडीवर तिनं सगळ्यांचे डोळे मिटवले. माझेही.
हात धरून एकेका खोडाशी नेलं.
पोरं बोटं टेकवायच्या आत सांगायची:
हा ऐन, घोरपडीच्या पाठीवानी.
हा धावडा, न्हालेल्या बुढ्यावानी थंडा.
मी तेंदूला मोह म्हणालो,
मोहाला काय म्हणालो ते इथं लिहीत नाही.
दहापैकी दोन.
मेरिटमध्ये येणार गुर्जी, असं कोणीतरी पुटपुटलं
आणि अख्खी पहाडी हसली.
चारोळीच्या हिरव्या घोसाकडं माझा हात गेला
तर रैजीबाईनं तो अलगद खाली केला.
"पिकू द्याचं. पाखरू खाईल, बी पडन.
आपन मांगून."

पुढं मोहाची झाडं.
प्रत्येकाखाली एक काळं वर्तुळ.
फुलं दिसावीत म्हणून पाचोळा पेटवतात,
हे मला तोवर माहीत नव्हतं;
आग कधी वर्तुळात राहते, कधी नाही.
तिसऱ्या झाडापासून ती निसटली होती,
उतारभर करपलेली कुड्याची रोपं,
आणि राखेत दोन अंडी,
रातव्याची, रैजीबाई म्हणाली,
एका बाजूनं तडकलेली.
ती झाडं देवसूच्या घरची.
ते सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून
कोणी बोललं नाही.
मीही नाही. पंधरा वर्षं बोलून पोट भरणारा मी.

सोमवारी देवसू गैरहजर. मंगळवारीही.
बुधवारी आला, तळहातावर फोड,
पेन्सिल दोन बोटांत लटकवून.
पहाटे उठून चार झाडांखालचं
त्यानं खराट्यानं झाडून काढलं होतं.
बाप हसला म्हणे,
"झाडून का होते बे?"
मग थोडा वेळ विडी पीत बसला,
आणि काडेपेटी परत बंडीच्या खिशात ठेवली.
त्या दिवसापुरती तरी.
यापेक्षा जास्त मला माहीत नाही.

खिडकी आता उघडी असते.
भागाकार चालू असताना कुसुमाचं एक लाल पान
येऊन टेबलावर बसतं,
आणि बाकी किती उरली ते
मीच विसरतो.

परवा केंद्रप्रमुख आले. वह्या बघितल्या,
गुणपत्रक बघितलं, बोट एका जागी थांबवलं:
तुलावी सुकरी, प्रश्न तिसरा,
गुणांचा रकाना कोरा का?
बाहेर मोहावर पोपटांचा कालवा चालला होता.
मी म्हटलं, साहेब,
तपासणं चालू आहे.