रकाना सात

वॉर्डाच्या दाराशी माझं टेबल.
एका पायाखाली घडी केलेला कागद,
शेजारी कूलर, हवेपेक्षा आवाज जास्त फेकणारा.
फॉर्म भरून घेणं हे माझं काम.
नाव, वय, सोबत आलेल्याचं नातं,
आणि रकाना सात :
पहिला घोट कोणी दिला?

लोक आधी क्रियापद दुरुस्त करतात.
'पितो नका लिहू, घेतो लिहा,'
सिव्हिल लाइन्सचे निवृत्त अभियंता म्हणाले,
उजवा हात डाव्या हाताखाली दाबून.
क्लबात तीस वर्षं घेतली. बढतीला घेतली, बदलीला घेतली,
व्याह्यांचा आग्रह मोडवेना म्हणून घेतली.
म्हणजे इतकी वर्षं घेणारेच होते सगळे,
देणारा कोणी आठवेना.

गोळीबार चौकातला हेमराज पौनीकर मात्र ढोसतो.
हा शब्द त्याच्या बायकोचा.
तो नुसता हसला, म्हणाला,
'पोळ्याच्या करीले बापानंच बोट बुडवून चाटवलं,
सहा वर्साचा असन मी.
तोंड वाकडं केलं त सारे हासले.
मारबत निंगाली होती रस्त्यानं,
लोक वरडत होते, घेऊन जा गे मारबत,
खोकला घेऊन जा, महागाई घेऊन जा.
हे घेऊन जा, असं कोणीच नाही म्हनलं.'

देवपुजारी महालातले.
त्यांच्या घरात तो शब्दच नव्हता.
आई म्हणायची पित्त, बायको म्हणायची पित्त,
डॉक्टर ओळखीचे, त्यांनीही पित्तच लिहिलं.
फ्लशच्या टाकीत अकरा वर्षं बाटली उभी,
आणि बाहेर उंबऱ्यावर रोज रांगोळी.
'एकदा तरी कोणी भांडलं असतं,' ते म्हणाले,
आणि चष्मा पुसत राहिले,
पुसून झाल्यावरही.

एक बाई आल्या, दुसऱ्याच आडनावानं.
बाईसाठी आपल्याकडे क्रियापद नाही,
एक शिवी आहे.
तिच्यासाठी रकाना नाही. मी पेन खाली ठेवलं.

देवलापारहून सुकरतीबाई मडावी
पोराला धरून आल्या, एसटीनं, उभ्यानं.
'मोहाची पयली धार आमी जमिनीवर सांडतो.
ते देवाची. मंग पुरख्याची. मंग म्हाताऱ्याची.
पोराच्या वाट्याले येयेपर्यंत
दोना रिकामाच होऊन जाय.'
पोरगा हिंगण्याला कंपनीत लागला.
खोली तिसऱ्या मजल्यावर, भाड्याची.
सांडायला जमीन नव्हती.
रकाना सात? त्या म्हणाल्या, देवानं.
मग पदरानं पोराच्या ओठाचा कोपरा पुसत,
'पर तो मोजून देत व्हता.'

मी जसंच्या तसं लिहिलं.
मोठ्या मॅडमनी लाल पेनानं खोडलं,
वर लिहिलं : लागू नाही.

सहाला सुटतो मी.
शनिवारी साडू येतो वर्ध्याहून.
तिकडे बंदी आहे, म्हणून तो
सात दिवसांचं एका रात्रीत बसतो.
बसणे : सगळ्यांत गरीब क्रियापद,
कोणाचं काही बिघडत नाही त्यानं.
'बसायचं ना?' जिन्यातूनच विचारतो.
दिवसभर मी हे सगळं लिहून आलेला माणूस,
म्हणतो, बसू की.

बायको शेंगदाणे भाजून ठेवते
आणि मोठ्यानं सीरियल लावते.
ओजस, नऊ वर्षांचा, न सांगता फ्रीज उघडतो,
ट्रे पिळतो.
काकाच्या ग्लासात तीन खडे, माझ्या दोन.
किती, हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

जाताना त्याच्या बोटावरून पाणी ओघळत होतं.
त्यानं ते चाटलं.

बर्फाचंच होतं.