पथारी

पत्र एकाच पानाचं होतं.
'प्रिय तेरेजा' एवढं हाताने लिहिलेलं,
बाकी सगळं टाइप केलेलं.
पाचारणाबद्दल शंका नाही, असं होतं.
वागणुकीबद्दल चांगलंच होतं.
रक्ताबद्दल एक ओळ होती.

नाशिकहून निघाले, ट्रंक गुडघ्यांना टेकवून.
धुळ्याला शेजारची बाई म्हणाली, सुट्टी लागली का सिस्टर?
मी हो म्हटलं.
दोंडाईच्याला कंडक्टरने विचारलं, पुन्हा हो.
नंदुरबारच्या स्टँडवर तिसऱ्यांदा.
कोंबडा काही आरवला नाही,
टपरीवर रेडिओ चालू होता.

बाने ट्रंक खाटेखाली सरकवली
आणि म्हणाला, भाकर खा.
आईने पाहुण्यासारखं ताट वाढलं,
ते जास्त लागलं.

सरकारी दवाखान्यात पिवळं कार्ड मिळालं.
तिथल्या पोरीने पेनाने पेशी काढून दाखवली:
बघ ताई, गोल पाहिजे, तुझी अशी वाकडी, विळ्यासारखी.
विळा आमच्या कुडात खोचलेलाच असतो.
माझ्या आत किती आहेत, ते माहीत नव्हतं.
थंडी वाढली की सांध्यासांध्यांत कापणी चालते.

उपवासकाळ लागला.
अर्धं देऊळ गुजरातला ऊस तोडायला गेलेलं,
सतरंजीवर माणसांपेक्षा जागा जास्त.
दामजी मास्तर गेलेल्यांची नावं वाचतात,
बारडोली, मढी, व्यारा,
आणि आम्ही उरलेले प्रत्येक नावाला उत्तर देतो.
माझं नाव कुठल्याच यादीत नाही,
गेलेल्यांत नाही, आलेल्यांतही नाही.

फादर बावतीसनी वेदीची कापडं इस्त्रीला दिली.
काम म्हणून की दया म्हणून, विचारलं नाही.
मिस्सात ते प्याला वर उचलतात,
रक्त म्हणतात त्याला,
आणि कुणी कार्ड मागत नाही.
मी खाली बघते.
तुझं कधी तपासलं का रे कुणी?

पोटासाठी मिरचीच्या पथारीवर जाते.
सकाळी सहाला एकर-एकर लाल,
बायका ओणव्या, नाकातोंडाला फडकं.
देठं खुडायची, डागी बाजूला टाकायची.
डागी कुठली ते मला लगेच कळतं.
तिथे सगळ्यांचेच डोळे गळतात
म्हणून रडणं कुणी हिशेबात धरत नाही.
एकदाच मुकादम थांबला:
काय वं माय, रडी ऱ्हायनी का?
मिरची आहे, मी म्हटलं.
हेही बहुतेक खोटंच.

मठात शिकवलेलं, रात्री म्हणायचं:
ठीक आहे प्रभू, तुझ्या मनासारखं होऊ दे.
मी 'ठीक आहे'पर्यंत पोचते.
मग दिवा जातो, किंवा झोप येते,
किंवा दोन्हीचं निमित्त करते.

उत्तम शुक्रवारी क्रूस आडवा धरला,
आम्ही अनवाणी रांगेत.
हात राखेने धुतले होते, मग तेलाने, मग साबणाने,
पण मिरची नखांच्या मुळाशी राहतेच.
लाकडी पाय दोन्ही तळव्यांत धरले.
खिळ्याजवळचा रंग उडालेला,
किती ओठांनी, कुणास ठाऊक.
जरा जास्तच वेळ धरले असतील,
कारण मास्तर खाकरले.

माझ्यामागे जातरीबाई.
वाकली, ओठ टेकवले,
आणि ताडकन उभी राहिली:
अगं बाई, देव तिखट लागतोय!

त्या दिवशी हसू नये.
आधी पोरं हसली, मग सतरंजीच्या सतरंज्या,
फादरांनी पाठ फिरवली, खांदे हलत होते.
मी लाजेने अर्धी झाले
आणि उरलेली अर्धी हसत होती,
पत्र आल्यापासून पहिल्यांदा.

घरी येताना हात अजून जळत होते.
म्हणजे तुझे पायही जळत असणार,
माझ्यामुळे, रात्रभर, त्या अंधाऱ्या देवळात.
तरी मागे घेतले नाहीस.

रात्री 'ठीक आहे'च्या पुढे
'प्रभू' म्हटलं.
उद्या पथारी चालू आहे,
पाडवा असो नसो, मुकादमाला फरक नाही.