घासलेटचा डबा

डफडं फाटलं त्या वर्षी.
खाऱ्या हवेनं कातडं कुजलं होतं,
सागव्याच्या पाणंदीत तिसऱ्याच टिपरीला भोक पडलं.
मामलेदाराचा कारकून म्हणाला, थांबायला वेळ नाही,
आणि कचेरीच्या पडवीतला
घासलेटचा रिकामा डबा माझ्या गळ्यात बांधला.

ऐका हो ऐका!
सरकार मायबाप संकटात आहे.
जर्मन चालून येतोय, तुर्क चालून येतोय,
आज ना उद्या खाडीत शिरेल,
बायकापोरांना धरून नेईल.
मरदाचं काळीज असेल त्यानं आंगठा द्यावा.
महिना अकरा रुपये, बूट, कांबळं,
परत येणाऱ्याला जमीन.

कागद कारकुनाचा, घसा माझा.
त्यानं तीनदा वाचलं, मी पाठ केलं.
गावामागे दोन आणे.

दळ्याला एका म्हातारीनं विचारलं,
जर्मन म्हणजे टोपाचा ना रे? तो कसा चालून येईल?
लोक हसले. मीही हसलो.
हसता हसता सात आंगठे उमटले.
त्यातला एक माझ्या भाच्याचा, शिवनाकचा.
शाई जास्त झाली होती,
मीच त्याचा हात धरून कागदावर टेकवला.

लढाई कुठं, असं धक्क्यावर इस्माईल सोलकरनं विचारलं.
बसऱ्याला.
तो बसला होता, उठून उभा राहिला.

बसरा म्हणजे खजूर.
दिवाळीच्या आगेमागे अरबांचं गलबत लागायचं,
त्यावर मेहदी नाखवा, एका डोळ्यानं अधू.
तो आमच्या वाडीच्या विहिरीचं पाणी प्यायचा,
गावातलं कुणी पीत नाही ते,
आणि ओठ पुसून बोटांनी सांगायचा,
घरी तीन मुली आहेत.
पोरांच्या ओंजळीत खजूर ओतताना
मोजत नसे.

त्याच्यावर गोळी झाडायची? कशापायी?
कारकुनानं कागद उलटून पाहिला. मागं कोरा होता.
मला म्हणाला, वाजव.
मी वाजवलं.

तिकडं जमिनीतून तेल निघतं म्हणे,
साहेबाच्या आगबोटींना तेच पाजतात.
हे फार उशिरा कळलं मला.
तोवर वर्षभर त्याचा वास
माझ्याच छातीला येत होता.

मुसाकाजीला आगबोट लांब उभी राहिली.
पडावातून अकरा जण गेले.
बूट पायाला बसत नव्हते म्हणून
दोरीनं गळ्यात अडकवलेले.
धोंडू आडिवरेकर हात हलवत राहिला.
शिवनाकनं मागं पाहिलं नाही.

खजूर त्या वर्षी आला नाही,
पुढल्याही नाही.
धोंडूच्या आईला एक जाड चकती आली, तळहाताएवढी,
तिच्यावर कुणी बाई आणि सिंह.
येशीनं ती तराजूत टाकली, सुक्या बांगड्यांच्या वजनाला.
गिऱ्हाईक कुरकुरायचं, कमी भरतंय गो.
ती म्हणायची, भरतंयच कमी.

माझ्या बहिणीला नुसतं पत्र.
कारकुनानं वाचलं, बेपत्ता.
म्हणजे?
म्हणजे हरवला.

आता नवा कारकून आलाय.
शाई जांभळी, मजकूर तोच,
जर्मनाच्या जोडीला जपान आणलाय,
आणि जमिनीचं वाक्य गाळलंय.
म्हणाला, आवाज अजून आहे का तुझा?

आहे.

हरवल्याची दवंडी मला बापानं शिकवलेली.
म्हैस, नथ, जत्रेतलं पोर.
आधी नाव, मग खूण.
संध्याकाळी डबा घेऊन एकटाच निघालो.

ऐका हो ऐका!
शिवनाक, वय एकोणीस, डाव्या कानाखाली तीळ,
हरवला आहे.
धोंडू आडिवरेकर, पोहणारा, दात पुढं,
हरवला आहे.
मेहदी नाखवा, एका डोळ्यानं अधू,
मुली तीन, त्यांची नावं ठाऊक नाहीत,
हरवला आहे.

दारं उघडली. कुत्री मागं लागली.
नाट्याच्या चढणीवर हवालदार विडी पीत उभा होता,
त्याला आधी कळलंच नाही काय चाललंय.

एका पोरानं विचारलं,
आणून दिला तर काय मिळंल?

मी डबा खाली ठेवला.
इतकी वर्षं झाली, चुलीजवळ ठेवायला
अजून भीती वाटते त्याला.