रात्री दोनची लाईट

सिनाझोंग्वेच्या बाजारामागं माझी गिरणी,
पंधरा हॉर्सपॉवरची मोटर, पट्टा दोनदा सांधलेला.
या महिन्यात लाईट रात्री दोनला येते,
पाचला जाते.
तेवढ्यात मक्याची चौदा पोती निघतात,
मोटर तापली नाही तर.
बायका अकरापासूनच पाट्या घेऊन रांगेत,
पोरं चितेंगेत पाठीला बांधलेली, झोपलेली,
आणि मतदानाला नऊ दिवस.

सियामविंगा म्हणतो, कोळसा.
डोंगरापलीकडं खाण आहेच,
अजून दोन भट्ट्या पेटवू, चोवीस तास लाईट देऊ,
वर सहाशे नोकऱ्या.
लुयांडो हाचिपुका म्हणते, ऊन.
ऊन कुणाच्या बापाचं नाही,
छपरागणिक एक पॅनेल, हप्ता पाच वर्षांचा.

मी दोघांना पोत्यांनी मोजलं,
मला दुसरं माप येत नाही.
सियामविंगाचं खरं झालं तर रोज साठ पोती,
पण युनिटचा भाव पत्रकात कुठंच नाही.
उलटून पाहिलं,
मागं पुन्हा त्याचाच फोटो.
हाचिपुकाच्या पॅनेलवर दिवा लागेल,
फोन चार्ज होईल, रेडिओ बोलेल.
आणि पंधरा हॉर्सपॉवर?
भर सभेत उभं राहून विचारलं मी.
"बघावं लागेल," म्हणाली,
आणि वहीत लिहून घेतलं.
माझं नाव चुकीचं लिहिलं,
पण लिहिलं.

रांगेत रोज हेच दळण.
चोल्वे म्हणते, माझा नवरा खाणीवर होता,
खोकला रोज यायचा,
पगारही महिन्याला यायचा.
आता नुसता खोकला येतो.
मुटिंटा म्हणते, माझ्या घरावर गवत आहे गं,
ते पॅनेल ठेवू कशावर?
कुणीतरी हसतं. पाटी सरकते.
कुणीतरी म्हणतं, दोघंही निवडून आल्यावर राजधानीत राहतात,
तिथं लाईट जातच नाही.

म्वेम्बा राखण करतो गिरणीची, दिवसा झोपतो.
धरण बांधलं तेव्हा सात वर्षांचा होता,
लॉरीत बसवून आणलं त्यांना इकडं, खडकाळ माळावर.
गाव पाण्यात गेलं, पाण्याची वीज झाली,
वीज तारांवरून त्यांच्या डोक्यावरून निघून गेली
दूर तांब्याच्या खाणींना.
तो कुणाच्याच सभेला जात नाही.
म्हणतो, यंदा तळं किती मागं सरलंय पाहिलंस?
अजून दोन वर्षं पाऊस असाच रुसला
तर माझ्या बापाचं शेत वर येईल.
मग मी लाईट मागणार नाही कुणाकडं,
बियाणं मागेन.

केबी हामूंगाचा मात्र पक्ष ठरलेला आहे.
त्याचा तो पिवळा जनरेटर,
शनिवारी कोळशाच्या सभेला भाड्यानं गेला,
रविवारी उन्हाच्या.
दोघांच्या भाषणाला डिझेल जवळजवळ सारखंच, तो सांगतो,
बाईंना अर्धा लिटर कमी,
त्या लवकर संपवतात.

दोन वाजले. दोन दहा.
बल्ब आधी लाल झाला, मग पिवळा,
आणि सगळ्या गप्पा मध्येच तुटल्या,
मुटिंटाचं वाक्य तर "पण मी म्हणते" वरच राहिलं.
मी खटका ओढला.
पट्टा दोनदा ओरडला आणि फिरायला लागला.
कोणाला मत देणार, कुणीतरी कानाशी येऊन विचारलं,
मी ओरडले, पाटी पुढं घ्या!

पाचला चार मिनिटं असताना गेली.
अकरा पोती झाली होती,
तीन बायका उरल्या.
अंधारात त्यांची नावं टिपून ठेवायची होती,
उद्या पहिला नंबर त्यांचा.
हाताला आधी सियामविंगाचं पत्रक लागलं,
त्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटेना.
दुसरं शोधलं, जाडंभरडं,
त्याच्या पाठीवर लिहिलं
चोल्वे, मुटिंटा,
आणि तिसरीला विचारलं,
तुझं नाव नीट सांग.